शिवणाच्या डब्यातल्या गोळ्या

श्रावणातला तिसरा सोमवार, सकाळी साडेदहा. आमचं लातूरचं घर. हजर: सासूबाई, थोरल्या जाऊबाई, चाकूरहून आलेल्या नणंदबाई आणि मी. पुढच्या खोलीत पाटावर स्वामी, त्यांच्या बाजूला थोरले भाऊजी. आमचे हे दुकानावर. मुलं कॉलेजला.

ही हजेरी मी त्या दिवशी सकाळीच वहीत लिहून ठेवली होती. किती पाट मांडायचे, किती पोळ्या लागतील याचा हिशोब त्यावरून निघतो. ते पान अजून वहीत आहे. कोपऱ्यात तुपाचा डाग पडलाय.

आमचं घर लिंगायत, शिवभक्तांचं. प्रत्येकाच्या गळ्यात लिंग असतं. श्रावणातल्या एका सोमवारी आमच्या जंगमस्वामींना, म्हणजे घराच्या गुरूंना, जेवायला बोलवायचं, ही सासऱ्यांच्या वेळेपासूनची रीत. स्वामी उदगीरकडचे, सत्तरी ओलांडलेले. त्यांना पहिली पोळी थोरल्या जाऊबाईंनी वाढायची, हेही ठरलेलं. जाऊबाईंना आम्ही सगळे अक्का म्हणतो. त्यांच्यासारखी पुरणपोळी आमच्या नात्यात कुणाला येत नाही.

मी या घरात आले तेव्हा बाई चार दिवस बाजूला बसायची. न्हाणीघराशेजारच्या लहान खोलीत एक चटई, एक तांब्या, एक ताट. सासूबाई पाळत होत्या, म्हणून अक्का पाळत होत्या, म्हणून मी पाळायला लागले. अडचण व्हायची ती सणाला. घरात सहा बाया, आणि पूजेच्या दिवशी हमखास दोघी त्या खोलीत. स्वयंपाक उरलेल्यांनी ओढायचा.

मला अडलेलं काम आवडत नाही. पाळी लांबवायच्या गोळ्या औषधाच्या दुकानात डॉक्टरांची चिठ्ठी न मागता मिळतात हे मला माहेरीच कळलं होतं. मी वहीची शेवटची पानं त्यासाठी ठेवली. घरातल्या आणि जवळच्या नात्यातल्या बायांच्या तारखा, कुणी कधीपासून गोळ्या सुरू करायच्या, किती दिवस घ्यायच्या. गोळ्यांच्या पट्ट्या शिवणाच्या डब्यात, कारण त्या डब्याला पुरुष हात लावत नाहीत. किती आणल्या, किती दिल्या, किती उरल्या, सगळं लिहिलेलं. पंधरा-सोळा वर्षं हे चाललं. "धाकटीच्या राज्यात पूजेला एक बाई कमी पडत नाही," असं सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या आणि मला ते ऐकायला बरं वाटायचं.

तीन वर्षांपूर्वी अक्कांच्या नावापुढे मी "बंद" असं लिहिलं. तेव्हा त्या एक्कावन्न वर्षांच्या होत्या. "सुटले बाई," त्या म्हणाल्या होत्या. "आता तुझ्या डब्यातलं काही नको मला. दोरा तेवढा देत जा."

त्या सोमवारी अक्का पाटावर बसून पोळ्या लाटत होत्या. नणंदबाई शेजारी पुरण भरत होत्या. तूप आणायला म्हणून अक्का उठल्या आणि पाटावर डाग दिसला. लहान नव्हता.

"अगं बाई," नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, परत सोळाव्या वर्षात चालल्या की काय? दादाला सांगू का, वरात काढायला?"

हसण्यासारखं त्या बोलल्या आणि मीही थोडी हसले. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी पदर मागे ओढून घेतला आणि पाट उलटा केला.

सासूबाई म्हणाल्या, "जा, बाजूला बस. उरलेल्या धाकटी लाटेल."

अक्का गेल्या. मी पोळपाटावर बसले. माझ्या पोळीचं पुरण बाहेर येत होतं. बाहेरून स्वामींचा आवाज आला.

"थोरलीच्या हातची पोळी कुठं हाय? गेल्या साली तिनं चौथी पोळी ढकलली अन् मी दोन दिवस उठलो न्हाई. औंदा तिला सांगून ठिवा, तीनच."

सासूबाई दारात जाऊन म्हणाल्या, "स्वामी, ती बाजूला बसलीय."

"कशाच्या बाजूला?"

"म्हणजे... तशी."

स्वामींनी ताटावरचा हात उचलला. "माय, तुझ्या गळ्यात काय हाय?"

"लिंग हाय की."

"मग ते काय चार दिस काढून खुंटीला टांगती का तू? आपल्यात इटाळ न्हाई. कवाच नव्हता. लिंग धारण केलेल्या बाईला कशाचा इटाळ? तुमाला कुणी शिकिवलं हे?"

खरं म्हणजे सासूबाईंनाही कुणी तरी शिकवलंच असणार. शेजारपाजारच्या घरांत होतं, म्हणून आपल्यात आलं असेल.

लहान खोलीचं दार उघडलं. अक्का तिथूनच बोलल्या, एरवी पुरुषांसमोर कधी बोलल्या नाहीत इतक्या मोठ्यानं.

"न्हाई? आपल्यात इटाळ न्हाईच?"

"न्हाई माय."

"मग मी वर्षभर गोळ्या कशापायी खाल्ल्या?"

तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला तेव्हा मी उठले. भाऊजी विचारत होते, "कसल्या गोळ्या? शुगरच्या का?" अक्कांना मधुमेह आहे, रक्तदाबही आहे. त्यांच्या गोळ्या म्हणजे भाऊजींना तेवढ्याच माहीत.

स्वामी म्हणाले, "थोरले, पोळी वाढ. अन् उद्याच्याला दवाखान्यात जा. मला त्यातलं कळत न्हाई, पण तुझा चेहरा बरा दिसंना."

अक्कांनी पोळी वाढली. स्वामींनी त्या दिवशी एकच खाल्ली.

दुपारी मी अक्कांजवळ वही घेऊन बसले. मला विचारायचं म्हटलं की लिहूनच विचारता येतं. कधी सुरू झालं? गेल्या श्रावणात, पूजेच्या आदल्या दिवशी. मग काय केलं? डब्यातली पट्टी घेतली. तीन दिवस गोळ्या खाल्ल्या, थांबलं. परत? दिवाळीत. मग संक्रांतीला. मग महाशिवरात्रीला, तेव्हा जास्त. उन्हाळ्यात मधेमधे थेंब थेंब. दिसलं की गोळी, थांबलं की गप्प.

"मला का नाही सांगितलं, अक्का?"

"तुझ्या वहीत मी बंद होते." त्या चादरीची कड घडी करत होत्या. "परत चालू झालं म्हणून कसं सांगायचं? दोन वर्षांत घरात सून येईल. लोक म्हणतील, सासूला पाळी अन् सुनेला पाळी. सासूबाई परत त्या खोलीत बसवतील. अन् स्वामींना पोळी कोण वाढेल?"

त्या झोपल्यावर मी वहीची शेवटची पानं काढली. शिल्लक पट्ट्यांची नोंद. गेल्या दिवाळीत नऊ असायला हव्या होत्या, सात भरल्या होत्या. मी नवावर रेघ मारून सात लिहिलं होतं. संक्रांतीनंतर परत एक कमी. परत रेघ. उन्हाळ्यात दोन कमी. परत रेघ. तीन वेळा मला कळलं होतं की कुणी तरी मला न सांगता गोळ्या घेतंय. मला वाटलं पुतणीनं नेल्या असतील, नाही तर माझ्या मुलीनं. विचारलं तर पोर लाजेल, म्हणून मी विचारलं नाही. आकडा दुरुस्त केला आणि नोंद बरोबर झाली म्हणून वही मिटली.

लातूरला दवाखान्यांची कमी नाही. पण भाऊजी म्हणाले, इथं नको. ओळखीचं कुणी ना कुणी भेटतंच, मग गावभर होतं. माझं माहेर नांदेड. माझ्या भावाकडे मुक्काम करायचा असं ठरलं. त्या ठरण्यात आणखी चार दिवस गेले. बुधवारी उपास, गुरुवारी दुकानात माल यायचा, शुक्रवारी सासूबाई म्हणाल्या आज नको. शनिवारी सकाळी सहाच्या एसटीत मी अक्कांना बसवलं. बरोबर जुने रिपोर्ट, शुगरचं कार्ड, चालू गोळ्यांची यादी, दोन साड्या, कापडाच्या घड्या. लोह्याच्या पुढे अक्का म्हणाल्या, "गर्भाची पिशवी काढा म्हणतील. काढू देत. आमच्या गल्लीत निम्म्या बायांची काढलीय."

डॉक्टर बाई साधारण आमच्याच वयाच्या. त्यांनी अक्कांना आधी पाणी दिलं. मग मी लिहून आणलेला कागद सावकाश वाचला.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"छान लिहिलंय," त्या म्हणाल्या. आणि मग अक्कांकडे वळून, "पाळी जाऊन वर्ष झालं की त्यानंतर जे रक्त जातं ती पाळी नसते. एक थेंब असला तरी दाखवायचं. बहुतेक वेळा कारण साधं निघतं. आतली कातडी कोरडी पडलेली असते, नाही तर मांसाचा छोटा कोंब असतो. पण बघितल्याशिवाय साधं म्हणायचं नाही."

सोनोग्राफीत पिशवीचं आतलं अस्तर जाड दिसलं. दोन दिवसांनी बारीक नळीनं त्यातला तुकडा काढला. अक्का त्या टेबलावर माझा हात इतका घट्ट धरून होत्या की माझ्या बांगड्या हातात रुतल्या. तुकडा तपासायला गेला. आठ दिवस थांबा म्हणाले.

ते आठ दिवस माझ्या वहीत जवळजवळ कोरे आहेत. भावाच्या घरी अक्का रोज पहाटे उठून अंगण झाडायच्या, माझी वहिनी नको नको म्हणायची. मी डॉक्टरांना एक प्रश्न विचारायचा ठेवला होता. रिपोर्ट आला त्या दिवशी विचारला.

रिपोर्टात कॅन्सर होता. डॉक्टर बाईंनी तो शब्द अक्कांना सरळ सांगितला, आडवळणानं नाही. अस्तराचा आहे, सुरुवातीचा वाटतोय, ऑपरेशन करून पिशवी आणि दोन्ही बीजकोष काढायचे, मग काढलेलं सगळं तपासून पुढचं ठरवायचं. वजन आणि शुगर असलेल्या बायांमध्ये हा जास्त दिसतो. अक्का ऐकत होत्या. शेवटी एवढंच विचारलं, "पोळपाट कधी घेता येईल?"

"दीड-दोन महिने वजन उचलायचं नाही, वाकून काम नाही. मग घ्या की."

अक्का बाहेर बाकावर जाऊन बसल्या. मी आत थांबले.

"मॅडम, गोळ्यांनी झालं का हे?"

"नाही. ह्या गोळ्यांनी हा आजार होत नाही." मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. "गोळीनं रक्त थांबत गेलं, म्हणून त्या यायच्या थांबल्या. वर्ष त्यात गेलं. घरात गोळ्या कुणी ठेवल्या होत्या?"

"मी."

त्या मला रागावल्या नाहीत. कागदाच्या पाठीवर त्यांनी लिहून दिलं: ह्या गोळ्या कुणीच डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत, त्यातही ज्यांना पुढचं काही असेल त्यांनी तर नाहीच. कशामुळे ते न कळलेला रक्तस्राव, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ होऊन गेलेली, लिव्हरचा आजार, स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला. तो कागद मी वहीत चिकटवला.

ऑपरेशनच्या दिवशी भाऊजी आले. फॉर्मवर सही करताना त्यांनी पेन दोनदा खाली ठेवलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "ते... तिला वर्षभर व्हायचं, ते मला कसं कळलं नाही?"

"मलाही नाही कळलं, भाऊजी," मी म्हणाले. वही पिशवीत होती.

बायांच्या खोलीत अक्कांच्या शेजारच्या खाटेवर कंधारच्या एक भाभी होत्या. घरचं बांगड्यांचं दुकान. पिशवीत गाठी झालेल्या, महिन्यातले बारा बारा दिवस रक्त जायचं, अंगातलं रक्त इतकं कमी झालेलं की आधी दोन बाटल्या रक्त चढवून मग ऑपरेशन केलं. पण बोलण्यात कुठंही अशक्तपणा नाही.

"डॉक्टरनी सांगितलं, गाठी कांद्याएवढ्या हायती. आमच्या यांना सांगितलं तर म्हणले, कंधारात कांद्याला भाव न्हाई, चल नांदेडला."

अक्का पोटाला हात धरून हसल्या. "हसवू नको गं भाभी, टाके दुखतात."

"दुखू दे की. दुखतंय म्हणजे जितं हाय माणूस." मग त्या थोड्या गंभीर झाल्या. "माझ्या बहिणीची पिशवी अठ्ठाविसाव्या वर्षी काढली. अंगावरून पांढरं जायचं, एवढंच. आमच्याकडच्या एका दवाखान्यात म्हणले, काढून टाका, कटकट जाईल. आता चाळिशीत तिची हाडं दुखतेत, रात रात झोप न्हाई. इथल्या मॅडमला विचारलं. म्हणल्या, ते पांढरं गोळ्यांनी बरं झालं असतं. अन् तुमची न काढून भागत न्हाई. काय कळावं माणसाला? जिची काढायची तिची ठिवतेत, जिची ठिवायची तिची काढतेत."

निघताना भाभींनी अक्कांच्या हातात हिरव्या बांगड्या चढवल्या. पैसे घेतले नाहीत. "माझी आपा, थोरली बहीण म्हणून घाल," म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी सगळ्या तपासण्या आल्या. आजार अस्तरापुरता होता, फार खोल गेला नव्हता. रेडिएशनचा शेक द्यायची सध्या गरज नाही. दर तीन महिन्यांनी दाखवायचं, आणि मधे काहीही दिसलं तर त्याच दिवशी. डॉक्टर बाई म्हणाल्या, "वेळेवर आलात असं मी म्हणणार नाही. उशीर करूनही सापडलं, असं म्हणते."

घरी आल्यावर मी कामांची यादी केली.

डब्यातल्या उरलेल्या पट्ट्या औषधाच्या दुकानात परत नेऊन दिल्या. दुकानदार म्हणाला, ताई, मुदत आहे अजून, ठेवा की, श्रावण काय परत येणार नाही? मी म्हणाले, चिठ्ठी मागत जा बायांना. तो हसला. त्यानंतर मागतो की नाही, मला माहीत नाही.

मग वहीतल्या बायांना फोन. ज्यांना मी कधी ना कधी गोळ्या दिल्या त्या अकरा निघाल्या. प्रत्येकीला कागदावरचं वाचून दाखवलं. तिघींनी ऐकून घेतलं. एकीनं विचारलं, अक्कांना नक्की काय झालंय? अक्कांची परवानगी मी आधीच घेतली होती, म्हणून सांगितलं. शिरूर अनंतपाळची माझी मावसनणंद फोनवर म्हणाली, मला पण दोन महिन्यांपासून तसंच होतंय. तिला दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात पाठवलं. तिचा छोटा कोंब निघाला, साधा. त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट झोपले.

सगळ्यात अवघड फोन चाकूरचा. नणंदबाईंच्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात.

"तारीख नेमकी हळदीला येती गं. दोन पट्ट्या पाठव."

"पाठवणार नाही, वन्सं. तिला डॉक्टरांकडे न्या. त्यांनी तपासून दिल्या तर घेऊ दे."

"आता लई डॉक्टरीण झालीस. इतके दिवस तूच तर वाटायचीस."

"हो. मीच वाटायचे."

त्यांचा आवाज उतरला. "वहिनीला मी त्या दिवशी वरात काढते म्हणाले. ते सारखं आठवतंय." आणि फोन ठेवला. मुलीला त्यांनी नेलं डॉक्टरांकडे, हे मला नंतर कळलं.

एका दुपारी मी बघितलं, सासूबाईंनी लहान खोलीतली चटई उचलली, झटकली आणि भंगारवाल्याला द्यायच्या पोत्यात घातली. तांब्या घासून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला. त्या खोलीत आता आम्ही धान्य ठेवतो.

मागच्या आठवड्यात अक्कांनी पोळपाट घेतला. डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा आठवडाभर उशिरानंच, माझ्या धाकानं. खाली न बसता ओट्यावर उभ्यानं लाटल्या. पहिली पोळी मोडली, दुसरी जमली. मी वही घेऊन जवळ गेले.

"काय गं, वही कशाला?"

"किराणा लिहायचाय."

"मग लिही. गूळ संपलाय. अन् वेलदोडे चांगले आण, मागचे नुसते टरफल होते."

मी लिहून घेतलं. गूळ, वेलदोडे.

तीन महिन्यांची पहिली तपासणी येत्या शनिवारी आहे. सहाची एसटी, खिडकीची जागा अक्कांना. रिपोर्टांची पिशवी भरून ठेवली. शुगरचं कार्ड, चालू गोळ्यांची यादी, कंधारच्या भाभींना द्यायला पोळ्यांचा डबा, त्याही त्याच दिवशी दाखवायला येणार आहेत. सगळ्यांपुढे खूण झाली. यादीत खाली एक ओळ उरते. ऑपरेशनच्या दिवसापासून ती मी प्रत्येक नव्या पानावर उतरवून घेते आहे: अक्कांना शेवटची पानं दाखवणे, नऊचे सात केले ते.